बैठं माप

मेंढीचं कातडं कात्रीनं कापत नाहीत, हे घारीला जॅकेट शिवायला टाकण्याच्या वर्षभर आधीपासून माहीत होतं. तिनं ते पंचेचाळीस मीटर उंचीवरून पाहिलं होतं.

घार हे तिचं बांधकामावरचं नाव. ती टॉवर क्रेन चालवायची. सकाळी सातला दीडशे पायऱ्यांची लोखंडी शिडी चढायची, केबिनमध्ये बसायची आणि चारला उतरायची. जेवणाची सुट्टीही वरच. केबिनची जमीन काचेची होती. दोन गुडघ्यांमधून खाली पाहिलं की बांधकाम दिसायचं, आणि जरा डावीकडे, रस्त्यापलीकडे, एक जुनी चार मजली इमारत. तिचं छप्पर उतरतं आणि काचेचं. त्या काचेखाली एक लांब टेबल आणि टेबलाशी राखाडी ॲप्रन घातलेला एक माणूस.

तो लोकरीसकट कमावलेलं कातडं उलटं पसरायचा. पुठ्ठ्याचा नमुना ठेवून खडूची रेघ मारायचा. मग बोटभर लांबीचं पातं घेऊन फक्त कातडं चिरायचा. डाव्या हातानं ते अलगद उचलून धरलेलं असायचं, त्यामुळे खालच्या लोकरीला पात्याचा स्पर्शही व्हायचा नाही. तुकडा सुटा झाला की लोकर आपोआप वेगळी व्हायची, भांग पाडल्यासारखी. पण त्याच्याही आधी तो कातडं सुलटं करून लोकरीत फुंकर मारायचा. इंच-इंच पुढे सरकत, तोंड खाली नेऊन. कुठे विरळ आहे, कुठे डाग आहे, ते फुंकरेनं उघडं पडायचं. घारीनं एकदा मोजलं होतं: एका कातड्याला चाळीस फुंकरा.

उंचावरून सगळ्यांचं काम दिसतं, आणि कोण अंगचोरपणा करतो तेही दिसतं. गवंडी, सुतार, सळईवाले, सगळे तिनं जोखले होते. या माणसाला तिनं वर्षभरात एकदाही घाई करताना किंवा वेळ काढताना पाहिलं नव्हतं. एका जॅकेटला नऊ दिवस. दहाव्या दिवशी ते खुंटीवर टांगलेलं दिसायचं: तपकिरी, आखूड, रुंद कॉलर, गळ्याशी दोन पट्टे, काठाकाठानं बाहेर डोकावणारी पिवळसर लोकर. जुन्या काळी उघड्या विमानांत बसणारे वैमानिक घालत तसलं.

तिला ते हवं होतं याचं कारण मात्र दिसण्याशी संबंधित नव्हतं.

आदल्या हिवाळ्यात तिची कंबर धरली होती. केबिनमध्ये हीटर होता, पण तो लावला की खालची काच धुरकट व्हायची, आणि ज्या काचेतून दोन टनांचा बोजा माणसांच्या डोक्यावरून नेताना बघायचं, ती धुरकट होऊन चालत नाही. म्हणून हीटर बंद आणि बाजूची खिडकी बोटभर उघडी. जानेवारीतल्या एका दुपारी ती खुर्चीतून उठूच शकली नाही. दोघांनी वर जाऊन तिला दोरीच्या आधारानं पायरी-पायरीनं खाली आणली. अकरा दिवस तिला गोदामात बसवलं होतं, खिळ्यांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या लावायला.

मुकादम वाईट माणूस नव्हता. या हिवाळ्याच्या तोंडावर त्यानं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "घारबाई, पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला वर चढवता येणार नाही. कायमचं. कागदावर तसं लिहावं लागेल."

"समजलं," ती म्हणाली.

तिनं फुगीर जॅकेटं घालून पाहिली होती, एकावर एक दोनसुद्धा. कमरेचा पट्टा आवळून पुढे वाकलं की त्यांतला फुगीरपणा दबायचा आणि ऊब जायची. मेंढीची लोकर दबत नाही. दबली तरी पुन्हा उभी राहते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तो माणूस दिवसभर कोपरं टेकून ज्या लोकरीवर काम करायचा, ती संध्याकाळी पुन्हा सरळ उभी असायची, हे तिनं वरून पाहिलं होतं.

तिच्या नवऱ्याची पावाची भट्टी होती. बारा महिने तो घामानं भिजलेला असायचा. त्याला किंमत सांगितली तेव्हा त्यानं पिठाचे हात झटकले. "दोन पगार? आणि विमान वेगळं घ्यायचं का?"

"विमान नको. वर बसायला जागा आहे माझ्याकडे."

"एकाच घरात एक भाजतोय आणि एक गोठतेय. मधे भिंत पाडली असती तर फुकटात काम झालं असतं." मग तो म्हणाला, "घे. गोदामात बसलीस तर घरी येऊन माझ्याच डब्यांवर चिठ्ठ्या लावशील."

*

जॅकेटवाल्याला सगळे मास्तर म्हणत. त्याची धाकटी बहीण शिलाईचं मशीन चालवायची. जाड कातड्यावर चालणारं ते मशीन तिच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे, आणि ती मास्तरांचं ऐकत नसे.

चार मजले चढून घार आत आली तेव्हा तिला तिथलं सगळं ओळखीचं होतं. फक्त ते पहिल्यांदाच समोरून दिसत होतं, आणि त्याला वास होता: कातड्याचा, मेणाचा, थोडा ओल्या कुत्र्याचा. तिनं मनातल्या मनात पात्याची जागा शोधली. ते टेबलाच्या उजव्या कडेला, लाकडाच्या खाचेत होतं.

"कशाला हवंय, ते सांगू नका," मास्तर म्हणाले. "मी विचारत नाही."

"का?"

बहीण मशीनवरूनच बोलली. "लोक खोटं सांगतात म्हणून. एकानं सांगितलं, बर्फाच्या डोंगरावर जायचंय. दादानं त्याला कॉलर दोन बोटं उंच दिली. आठ दिवसांनी तो लग्नात दिसला, मान वळत नव्हती."

मास्तरांनी तिला आरशासमोर उभं केलं आणि फीत काढली. खांदे, छाती, पाठ, बाही. आकडा ते मोठ्यानं बोलायचे आणि बहीण भिंतीवरच्या पाटीवर लिहायची. तेवढ्यात टेबलावरून एक काळी सावली सरकत गेली. मास्तरांचा हात थांबला. त्यांनी छपराच्या काचेकडे मान वर केली.

"आला," ते म्हणाले. "हा क्रेनवाला. बरोबर बारा वाजता, जेव्हा मला चांगला उजेड मिळतो तेव्हा. दोन कातड्यांचा रंग जुळवायचा तर ढग चालतो, पाऊस चालतो, पण उजेड एकसारखा लागतो. हा बाबा घोड्यासारखी शेपूट हलवत बसतो. वर्ष झालं. एकदा भेटला ना, तर त्याला याच टेबलावर झोपवून त्याच्या अंगावर खडूनं रेघा मारीन."

"त्याला माहीत नसेल," घार म्हणाली.

"डोळे नाहीत का त्याला? वर बसून करतो काय?"

त्या वेळी ती सुट्टीवर होती. वर दुसऱ्या पाळीचा माणूस होता. पण वर्षभरातल्या बहुतेक सावल्या तिच्याच होत्या. वर्षभर ती ज्या कामाकडे कौतुकानं पाहत होती, त्याच कामावर वर्षभर तीच सावली धरत होती.

"रोज घालणार?" मास्तरांनी एवढंच विचारलं.

"रोज."

"मग ठीक. हात खाली सोडा. सरळ उभ्या राहा."

ती सरळ उभी राहिली.

*

दहाव्या दिवशी जॅकेट तिच्या अंगावर होतं आणि आरशासमोर त्यात खोट काढायला जागा नव्हती. शिवणींवर कातड्याच्या बारीक पट्ट्या होत्या, म्हणजे सुईच्या भोकांतून वारा शिरायला नको. काखेत हवेसाठी दोन-दोन पितळी छिद्रं होती. चेन एका बोटानं वर जायची. दोन्ही बाह्यांची लोकर एकाच दिशेनं पडलेली, मनगटाकडे. तिनं हात आत घातला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"कसंय?" बहिणीनं विचारलं.

"मला बोलायला वेळ लागेल," घार म्हणाली.

मास्तरांना ते उत्तर आवडलं असावं. त्यांनी कॉलरवर नसलेली धूळ झटकली.

वर मात्र वेगळं झालं. क्रेन चालवताना माणूस खुर्चीच्या टोकाशी येतो, दोन्ही हात पुढच्या दांड्यांवर, आणि खालची काच बघायला छातीपासून वाकतो. ती वाकली की जॅकेटची पाठ वर सरकायची. हात पुढे गेले की बाह्या मनगटं सोडून मागे यायच्या. जिथे जॅकेट होतं तिथे भट्टीसारखी ऊब होती. जिथे नव्हतं ती जागा नेमकी कंबर होती.

पहिले दोन दिवस तिला वाटलं, आपलीच बसायची पद्धत चुकते. तिसऱ्या दिवशी तिनं कमरेला मफलर गुंडाळला. तो सुटून पायाशी आला आणि खालची काच झाकली. बोजा हवेत असताना तिला तो पायानं ढकलावा लागला. सहाव्या दिवशी शिडी उतरताना ती मधे दोनदा थांबली. मुकादम खाली उभा होता. त्यानं घड्याळ पाहिलं, मग तिच्या कमरेकडे.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं तिच्या पाठीला तेल लावताना हात थांबवला. "इथे चार बोटांचा पट्टा बर्फासारखा आहे. वरची पाठ गरम आहे. हे काय जॅकेट आहे की ब्लाऊज?"

"जॅकेट चांगलं आहे."

"चांगलं आहे तर तू वाकडी का झालीस? जाऊन सांग त्याला."

"कुठल्या तोंडानं? आधी सांगायला हवं होतं, मी काय करते ते."

"माझा पाव आतून कच्चा निघाला तर गिऱ्हाईक माझ्या टेबलावर आणून आपटतं. मला राग येतो. पण आणला नाही तर मला कळणार कसं, भट्टीचा कुठला कोपरा थंड आहे?" त्यानं तेलाची वाटी बाजूला ठेवली. "उद्याच जा. त्याच्यावर उपकार होतील."

*

ती गेली. जॅकेट अंगात होतं. मास्तरांनी तिला दारातच आपादमस्तक पाहिलं, जॅकेट बरोबर बसलंय याची खात्री केली, आणि मग विचारलं, "काय बिघडलं?"

"तुमचा क्रेनवाला मी आहे," घार म्हणाली.

मशीन थांबलं. मास्तर छपराच्या काचेकडे पाहू लागले, मग तिच्याकडे, मग पुन्हा काचेकडे.

"झोपव टेबलावर," बहीण म्हणाली. "दादा, खडू देऊ?"

मास्तर हसले नाहीत. ते कोपऱ्यात गेले, कातड्यांचा एक ढीग बाजूला केला आणि त्याखालून लाकडी खुर्ची ओढून काढली. तिच्यावर इतकी धूळ होती की त्यांनी ती आपल्याच ॲप्रननं पुसली. "बसा," ते म्हणाले. "वर बसता तशा."

ती खुर्चीच्या टोकाशी बसली, हात पुढे घेतले, वाकली.

मास्तर तिच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांनी कमरेवरून वर सरकलेल्या जॅकेटच्या काठाला बोट लावलं.

"माझ्या उस्तादांकडे आरसा नव्हता," ते म्हणाले. "ही खुर्ची होती. ते म्हणायचे, हे जॅकेट बसणाऱ्या माणसाचं आहे. वैमानिक उठतो तो फक्त जेवायला. पाठ खाली लांब, पुढून आखूड, बाह्या पुढे वळलेल्या. त्याला ते बैठं माप म्हणायचे. मी पहिली सहा वर्षं तसंच शिवलं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मागे लोंबतंय, बाही लांब झालीय. सगळी परत आली. मग मी आरसा आणला." ते पुढे आले. "वीस वर्षांत या खुर्चीत बसणारं एक गिऱ्हाईक आलं, आणि त्याला मी सांगितलं, सरळ उभ्या राहा."

"मी सांगितलं नाही, ती माझी चूक."

"मी विचारलं नाही, ती आधीची." त्यांनी खडू घेतला. "आता जे वर करता ते करा. नुसतं बसू नका."

घारीनं दोन्ही हात हवेत धरले. बहिणीला ते पटलं नाही. तिनं दोन तिवया खुर्चीच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या आणि त्यांवर दोन लाकडी मोगऱ्या उभ्या केल्या, कातड्याच्या शिवणी ठोकायच्या. "या तुमच्या दांड्या. खालून कोण बोलतं?"

"सिग्नलवाला. वॉकीटॉकीवर."

"काय बोलतो?"

"वर घे, डावीकडे, हळू, बास."

"वर घे," बहीण म्हणाली.

घारीनं डोळे मिटले आणि आदल्या दिवशीचा सळयांचा भारा उचलला. बहीण हुकूम सोडत होती आणि तिला त्यात मजा येऊ लागली होती. "डावीकडे. अजून. अहो, भिंतीला लागेल. हळू." घारीचा डावा हात बोटभर सरकत होता, उजवा त्याहून कमी, आणि सगळं अंग त्या हातांमागून पुढे झुकत होतं. मास्तर तिच्याभोवती फिरत खडूच्या रेघा मारत होते. कमरेवर, कोपरावर, खांद्याच्या मागे. भारा नवव्या मजल्यावर टेकला तेव्हा जॅकेट रेघांनी भरलं होतं.

"इतकं थोडं हलता?" मास्तरांनी विचारलं.

"वर बोटभर हललं की खाली हातभर हलतं. बाजूला माणसं असतात."

मास्तरांनी मान डोलावली. ते अंतर त्यांना समजत होतं. पात्याचंही तसंच असतं.

मग अडचण समोर आली. कापडाची शिवण उसवून वाढवता येते. कातड्याला सुईचं भोक पडलं की ते बुजत नाही, आणि खाली नुसती पट्टी जोडली तर जोड नेमका वाकायच्या जागी येणार, वारा तिथूनच शिरणार. पाठ आणि दोन्ही बाह्या नव्यानं कापायला हव्या होत्या. त्या कातड्याची लोकर पुढच्या भागाशी जुळायला हवी होती, लांबीत आणि रंगात. नाहीतर एक बाजू गरम, एक थंड.

"तसलं कातडं आता वसंतापर्यंत येणार नाही," मास्तर म्हणाले.

बहिणीनं उठून कपाट उघडलं आणि वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेली गुंडाळी काढली. "हे आहे की."

"ते वेगळं आहे."

"कसलं वेगळं? एकाच कळपातली दोन कातडी. दहा वर्षं झाली, दादा. म्हणे स्वतःसाठी जॅकेट शिवणार. लोकांना शिवतोस आणि स्वतः त्या फाटक्या स्वेटरमध्ये शिंकतोस."

मास्तरांनी कागद सोडला. कातडं सुलटं केलं आणि त्यात फुंकर मारली. घारीनं ती फुंकर पहिल्यांदा ऐकली. वर्षभर तिनं ती फक्त पाहिली होती.

"मी उभा राहून काम करतो," मास्तर म्हणाले. "मला स्वेटर पुरतो. पण हे जुळतंय का, ते आत्ता कळणार नाही. उद्या बाराचा उजेड लागेल. वीस मिनिटं, एकसारखा."

घार उठली. "वीस मिनिटं देते," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी बारा वाजता जेवणाची सुट्टी झाली. रोज ती या वेळी क्रेनचा लांब आडवा हात, ज्याला सगळे बूम म्हणत, मिळेल तिथे, वाऱ्यावर मोकळा सोडून डबा उघडायची. आज तिनं तो रस्त्याच्या विरुद्ध बाजूला नेला, ब्रेक लावला आणि पायाखालच्या काचेतून खात्री केली. सावली बांधकामाच्या मागे, रिकाम्या मातीवर पडली होती.

वॉकीटॉकी खरखरला. मुकादम होता. "घारबाई, बूम तिकडे का?"

"शेजाऱ्यांना ऊन देतेय."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं. सुट्टी माझीच आहे."

"माझी हरकत नाही. मला वाटलं, दुखतंय की काय."

छपराखाली मास्तरांनी जॅकेटचा पुढचा भाग आणि नवीन कातडं शेजारी-शेजारी ठेवलं. कातडं फिरवलं. परत फिरवलं. तोंड खाली नेलं. घारीच्या हातातला पाव तसाच राहिला. खांद्याच्या जागेपासून कमरेच्या जागेपर्यंत, इंच-इंच, ते तिच्या पाठीवरून चालले होते. चाळीस फुंकरांवर ते थांबले नाहीत. ती बावन्नपर्यंत मोजत होती, मग मोजायचं विसरली. शेवटी त्यांनी भिंतीवरच्या एका खिळ्याला टांगलेला, धुळीनं काळा पडलेला पुठ्ठ्याचा नमुना उतरवला, झटकला आणि कातड्यावर ठेवला. खडूची रेघ मारली. खाचेतून पातं घेतलं.

पहिली चीर देण्याआधी त्यांनी मान वर केली. एवढ्या अंतरावरून चेहऱ्यावरचे भाव दिसत नव्हते. घारीनं खिडकीतून हात बाहेर काढला. मास्तर पुन्हा खाली वाकले.

तिनं ते नऊ दिवस जुन्या फुगीर जॅकेटांत, कमरेला नवऱ्याचं पिठाचं पोतं गुंडाळून काढले. रोज बारा वाजता वीस मिनिटं बूम मातीकडे असायची.

*

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात थंडी उणे नऊवर गेली. अकराव्या मजल्याचा स्लॅब त्याच दिवशी भरायचा होता. काँक्रीट थांबत नाही. सुरू झालं की संपेपर्यंत क्रेनही थांबत नाही. मुकादमानं सकाळी शिडीपाशी तिला गाठलं. "दुसऱ्या पाळीचा माणूस बोलावून ठेवलाय. वाटलं तर दहाला सांगा, अकराला सांगा. लाज धरू नका."

"सांगीन," ती म्हणाली आणि चढली.

आरशासमोर ते जॅकेट आता वेडंवाकडं दिसायचं. मागे लोंबायचं, बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत यायच्या. नवऱ्यानं पाहिल्याबरोबर विचारलं होतं, "हे तुझं की तुझ्या थोरल्या भावाचं?" पण ती खुर्चीच्या टोकाशी बसून वाकली की जॅकेटची पाठ कमरेखाली खुर्चीला टेकायची आणि तिथेच राहायची. हात पुढे गेले की बाही मनगटावर येऊन थांबायची, बरोबर हाडाशी.

दहा वाजले, अकरा वाजले. मुकादम दर तासाला वॉकीटॉकीवर फक्त "बोला" म्हणायचा आणि ती फक्त "चालू द्या" म्हणायची. बारा वाजता सुट्टी नव्हती. बादल्या सलग वर जात होत्या. त्या दिवशी मास्तरांच्या टेबलावर सावली आली, गेली, पुन्हा आली. मास्तर काम बाजूला ठेवून काचेखाली हात मागे बांधून उभे होते. एका बादलीच्या फेरीत तिला ते दिसले, पुढच्या फेरीतही, त्याच्या पुढच्याही.

शेवटची बादली दोन वाजून चाळीस मिनिटांनी रिकामी झाली. साडेसात तासांच्या वर.

ती शिडी उतरली. मधे कुठे थांबली नाही. खाली मुकादम आणि दुसऱ्या पाळीचा माणूस उभे होते. तो माणूस पाय आपटत होता, त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"कंबर?" मुकादमानं विचारलं.

घारीनं चेन उघडली, जॅकेट काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं ते कसं धरावं हे न कळल्यासारखं धरलं. मग हातमोजा काढला आणि हात आत घातला, पाठीच्या खालच्या भागात, कमरेच्या जागी. तिथली लोकर अजून तापलेली होती.

त्यानं हात लगेच बाहेर काढला नाही.

"घारबाई," तो म्हणाला, "उद्या सातलाच या."

"जॅकेट द्या मग," ती म्हणाली. "थंडी वाजतेय."